पाचव्या पायरीवरचा ‘थांब’

माझी नात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिने लॅपटॉप माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, “आजी, हे बघ, वेव्हलेट.” तिने तीन ओळी टाइप केल्या, एक कळ दाबली आणि पडद्यावर आवाजाचं रंगीत चित्र उभं राहिलं. माझ्या कपातला चहा अजून गरम होता.

“छान,” मी म्हटलं.

“एवढंच? तूही हे केलं होतंस म्हणे. तेही कॉम्प्युटरशिवाय.”

“केलं होतं. पावणेदोन वर्षं लागली आणि शेवटी माणसाने फसवलं. तुला निदान माणूस तरी लागला नाही.”

ती हसली. तिला वाटलं, आजी नेहमीसारखी टिंगल करतेय. टिंगल तर मी करतच होते. पण ही गोष्ट टिंगल करत सांगायला लागून पंचवीस वर्षं झाली, तरी त्यातला एक काटा अजून जागच्या जागी आहे. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून काढावी.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. राहायला उमरोळीला आणि नोकरीला बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत. कापड रंगवून सुकवणारा एक कारखाना होता, तिथे इन्स्ट्रुमेंट विभागात मी कंत्राटी टेक्निशियन होते. हाताशी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि डोक्यात त्या डिप्लोमाचा माज. माज इतका, की आता त्या बाईला ‘मी’ म्हणायची मला लाज वाटते. मी तिला डिप्लोमाबाई म्हणते. डिप्लोमाबाई साडीवर ढगळ निळा एप्रन घालायच्या, खिशाला टेस्टर अडकवायच्या, आणि कुणी “बाई, ऑफिसातला पंखा बघता का जरा?” म्हटलं, की “मी पंखेवाली नाही” असं तोंडावर सांगायच्या. मग अर्ध्या तासाने स्टुलावर चढून पंखा त्याच दुरुस्त करायच्या, ते सोडा.

कारखान्याच्या सुकवणी विभागात गरम हवा फेकणारे चार मोठे ब्लोअर होते. ब्लोअरचं बेअरिंग गेलं की सगळी लाइन थांबायची आणि ओलं कापड जागेवर डागाळायचं. देखभालीचे साहेब एकदा मला म्हणाले, “मॅडम, बेअरिंग जाणार हे आधी सांगेल असं काहीतरी बनवा. तीन नंबरच्या ब्लोअरवर महिनाभर लावून बघू. चाललं, तर तुम्हाला कायम करा असं मी स्वतः वर लिहितो.”

कायम! नऊ वर्षं माझं कंत्राट दर वेळी नव्याने निघत होतं. दर वेळी फोटो, दर वेळी अर्ज, दर वेळी आधीच्या वर्षी विचारलेलेच प्रश्न. कायम झालं की विभागात माझं टेबल माझं राहणार होतं. डिप्लोमाबाई त्या दिवशी टमटममधून घरी गेल्या त्या जमिनीला पाय न लावता.

बेअरिंग जाणार हे आधी सांगणारी एक वस्तू कारखान्यात आधीपासूनच होती. ती वस्तू म्हणजे फिटरकाका. काका जवळच्या किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, भावांच्या होड्या, आणि यांना समुद्र लागायचा. होडीत बसले की उलट्या. म्हणून तरुणपणीच काका होडी सोडून कारखान्यात आले आणि इथेच म्हातारे झाले. शिक्षण चौथीपर्यंतचं. रोज सकाळी हातभर लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते फेरी मारायचे. टोक बेअरिंगच्या घरावर, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचे, “ग्रीस मागतंय,” नाहीतर “गोळी फुटली हाय,” नाहीतर “आठ दिस जाईल, मग नाय.” आणि ते तसंच व्हायचं.

डिप्लोमाबाईंना वाटलं, हा कान आपण बोर्डावर उतरवायचा.

आता वेव्हलेट म्हणजे काय ते सांगते, घाबरू नका. साधा फिल्टर एवढंच सांगतो, की या आवाजात जाड सूर किती आणि बारीक सूर किती. कधी, ते त्याला सांगता येत नाही. बेअरिंग बिघडतं तेव्हा सगळा सूर बदलत नाही. ब्लोअरच्या अखंड घुमण्यात मधूनच एक ‘टक्’ येतो आणि जातो. तो पकडायला एक छोटी लाट घ्यायची. उठते, एक-दोन हेलकावे खाते आणि विझते, इतकीच. ही लाट आवाजावरून सरकवत न्यायची, आणि जिथे आवाज तिच्यासारखा हलला तिथे ‘इथे आहे’ म्हणायचं. मग तीच लाट दुप्पट लांब करून पुन्हा फिरवायची, मग चौपट. बारीक टक्‌ला आखूड लाट, जाड ठोक्याला लांब लाट. प्रत्येक लांबी म्हणजे एक पायरी. माझ्या बोर्डावर अशा पाच पायऱ्या होत्या.

हे सगळं गणिताने करणारे कॉम्प्युटर तेव्हाही होते. आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर मात्र अकाउंट्समध्ये, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, चप्पल बाहेर काढून जायचं अशा खोलीत होता. ब्लोअरजवळच्या उकाड्यात आणि तंतूंच्या धुळीत तो एक दिवस टिकला नसता. म्हणून मी ठरवलं, गणित करायचंच नाही. ऑप-अ‍ॅम्प, रेझिस्टर आणि कपॅसिटर हे सुटे भाग अशा बेताने जोडायचे, की सर्किटला टिचकी मारली की ते आपणहून त्या लाटेच्या आकारात हललं पाहिजे. मग आवाज आत सोडायचा. मोजमाप विजेतच होतं, तिथल्या तिथे. एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून एका लेखाची पुसट झेरॉक्स मिळाली होती. तिच्यातली निम्मी समीकरणं झेरॉक्सच्या काळ्या पट्ट्यात गेली होती. ती मी अंदाजाने भरली.

एक अडचण मात्र झेरॉक्समध्येही स्पष्ट लिहिलेली होती. कागदावरची लाट दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणजे ती टक् यायच्या आधीच हलायला लागते. सर्किटला हे कसं जमणार? प्रश्न विचारायच्या आधी उत्तर देणारी माझ्या माहितीत एकच व्यक्ती होती, माझी सासू. शेवटी तोडगा असा, की लाट थोडी उशिरा येऊ द्यायची. सर्किट मग आत्ताचं नाही, क्षणापूर्वीचं सांगतं. पण खरं सांगतं.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी कपॅसिटर निवडायचे. डब्यावर लिहिलेलं माप एक आणि मोजलेलं भलतंच. शंभरातून जोडीचे दहा-बारा मिळायचे. आमचे हे विचारायचे, “आज जेवायला काय? चपटे की गोल?” मुलांना जेवणाआधी टेबलाखाली बघायची सवय लागली होती; पायात कपॅसिटरच्या तारा टोचायच्या.

बोर्ड तयार झाला. प्रश्न उरला लाटा नेमक्या लावायचा. प्रत्येक पायरीला एक पॉट होता, रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तसा, पण इवलासा, पेचाने फिरवायचा. तो फिरवला की त्या पायरीची लाट लांब-आखूड व्हायची. कुठे थांबायचं? ते माहीत असणारा कान एकच होता.

मी काकांना विचारलं. काका म्हणाले, “माझा कान घेऊन तू काय करशील बाय?”

“काका, तुमचं शिकून ठेवते.”

“मग चल.”

काका सरळ उठलेच. मग आम्ही दोघं रोज दुपारी, सुकवणीची पाळी बदलायच्या वेळेला, बसायला लागलो. स्टोअरमागे जुनी बेअरिंग पडलेली असायची, वेगवेगळ्या तऱ्हेने खराब झालेली. ती मी एका लहान मोटरवर बसवून फिरवायची. काकांच्या एका कानामागे स्क्रू-ड्रायव्हरची मूठ, दुसऱ्या कानाला माझ्या बोर्डाचा हेडफोन. मी पॉट हळूहळू फिरवायची. बेअरिंगमधला टक् आणि हेडफोनमधला टक् एकसारखा झाला, की काका म्हणायचे, “थांब.” मी थांबायची आणि पॉट हलू नये म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. आमच्या धंद्यात ही जुनीच रीत आहे. लाल नेलपॉलिशची बाटली एप्रनच्या खिशात बघून ब्लोअरवरचा ऑपरेटर म्हणायचा, “मॅडम, मशीन का शादी है क्या?”

हात दोन, एक पॉटवर, एक मोटरच्या बटणावर. लिहायला तिसरा हात नव्हता, म्हणून शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवायची. त्यात बोर्डाचा आवाज आणि आमचं बोलणं, दोन्ही एकदम भरलं जायचं.

चार पायऱ्या आठवड्याभरात लागल्या. साहेब म्हणाले, “काम चाललंय असं वर कळू द्या, एक अहवाल द्या.” मी अहवाल लिहिला. उद्देश, रचना, प्रगती, फायदे. ऑफिसातल्या टायपिस्टने तो टाइप केला. सहीची जागा मोठी ठेवायला मी तिला दोनदा सांगितलं.

पाचवी पायरी राहिली होती, सगळ्यांत लांब लाट. बेअरिंग आपल्या बसणीत, म्हणजे ते घट्ट बसवलेलं असतं त्या खोबणीत, सैल होतं तेव्हा एक जाड, दबका ठोका येतो, त्याच्यासाठी. त्या दुपारी काका जरा उशिरा आले. मी पॉट फिरवला. फिरवला. “थांब,” काका म्हणाले. “हांच.” हांच म्हणजे इथेच. मी ठिपका दिला, आणि इतकी खूश झाले, की उरलेल्या नेलपॉलिशने स्वतःचं एक नखही रंगवलं.

बोर्ड तीन नंबरच्या ब्लोअरवर चढला. पाच पायऱ्या, पाच दिवे. पहिल्या पंधरवड्यात दुसरा दिवा लागला, काकांनी ऐकून सांगितलं, “ग्रीस.” ग्रीस दिलं, दिवा विझला. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. डिप्लोमाबाईंनी घरी जाऊन ‘कायम’ हा शब्द फोनवर तीन नातेवाइकांना ऐकवला.

महिना संपायला पाच दिवस असताना तीन नंबर गेला. गेला म्हणजे मोठा दणका, शाफ्ट वाकला, पट्टे तुटले, सगळी लाइन बंद. बेअरिंग बसणीत सैल होऊन फिरायला लागलं होतं. म्हणजे जो ठोका पाचव्या पायरीने धरायचा तोच. पाचवा दिवा तोवर एकदाही लागला नव्हता. मी पोचले तेव्हा ब्लोअर उघडा पडला होता, भोवती दहा-बारा माणसं, आणि माझा बोर्ड भिंतीवर शांत. ऑपरेटर म्हणाला, “मॅडम, ये पाँचवीं बत्ती सिर्फ शो के लिए है?”

साहेब एवढंच म्हणाले, “सोमवारी या. काय चुकलं ते घेऊन या.”

मध्ये रविवार होता. भिंतीवरून उतरवून घरी आणलेला सगळा बोर्ड मी पुन्हा तपासला. सोल्डर ठीक, कपॅसिटर ठीक. दुपारी भांडी आवरल्यावर मी टेप काढल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर रेकॉर्डर ठेवून ऐकायला बसले.

पहिल्या चार पायऱ्यांत ऐकू येतं ते असं: घरघर, घरघर, मग हळूहळू त्यातून टक्, टक् वर येतो, पुसलेल्या काचेसारखा स्वच्छ होतो, आणि लगेच काकांचा आवाज, “थांब.” चारही वेळा लगेच.

पाचव्या पायरीत जाड ठोका वर येतो. स्वच्छ होतो. ढप्, ढप्, ढप्. इतका स्वच्छ, की ओट्याजवळ उभे असलेले आमचे हेही म्हणाले, “हे काय वाजतंय?” आणि काका गप्प. त्यांचा श्वास ऐकू येतो. मी पॉट फिरवतेच आहे. ठोका पुन्हा बुजायला लागतो, घरघरीत जातो, जवळजवळ बुडतो. आणि मग काकांचा आवाज, “थांब. हांच.”

त्याच्या पाठोपाठ टेपवर एक बाई आनंदाने ओरडते, “काका, तुमचा कान म्हणजे सोनं आहे!”

मी टेप मागे नेऊन ती जागा पुन्हा ऐकली. मग पुन्हा. तीन वेळा काकांनी ठोका ऐकला, तीन वेळा तो जाऊ दिला, आणि तीन वेळा ती मूर्ख बाई ओरडली. तिलाही तो ठोका ऐकू आला असणार. कान तिलाही दोन होते. पण काकांनी ‘थांब’ म्हटलं नाही, म्हणून तिने स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला नाही. बोर्ड फसला असता तर मी तो दुरुस्त केला असता. हा बोर्ड फसला नव्हता. त्याला जिथे थांबवलं होतं तिथे तो इमानदारीने उभा होता.

टेप पिशवीत घालून मी दांडीला गेले. काकांच्या घरापुढच्या अंगणात दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि काका पायरीवर बसून त्यांची राखण करत होते. काकी पाणी घेऊन आल्या. मी घेतलं नाही. म्हणजे बघा मी किती चिडले होते.

“काका, पाचव्या पायरीला तुम्ही मला खोटं थांबवलंत.”

काकांनी कावळ्याला खडा मारला. “होय.”

एवढं सरळ उत्तर मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी पिशवीतून टेप काढली होती, ती हातातच राहिली.

“मी नऊ वर्षं कंत्राटावर आहे. तुम्हाला माहीत होतं हे चाललं की मी कायम होणार.”

“माहीत होतं.”

“मग?”

“बाय, आमच्याकडं कुनाला इचारलं, म्हावरं कुठं लागलं, तर तो सांगतो. सांगत नाय असं नाय. पन जरा अलीकडची जागा सांगतो. आपला मानूस असल तो समजतो, आनि जरा पुढं जाऊन जाळं टाकतो.”

“मी दांडीची नाही. मला कसं समजणार?”

“चार वेळा मी तुला बरोबर जागा दाखवली,” काका म्हणाले. “चार वेळा. माझ्या भावाला कोनी दाखवत नाय तशी.”

“मग पाचव्यांदा काय झालं?”

काकांनी दुसरा खडा उचलला. काकी बोलल्या. त्या दारात उभ्या होत्या, हातात तोच न घेतलेला पाण्याचा तांब्या.

“तुमी कागद लिवला ना? ती टायपिंगवाली बाय आमच्या आळीतली हाय. तिनं वाचून दाखवला यांना, यानी इचारलं म्हनून. बाय म्हनते, काका, तुमचं नाव शोधते, कुठं नाय. पन तुमचं एक वाक्य हाय.”

“कुठलं वाक्य?” मी विचारलं, आणि विचारतानाच मला ते आठवलं.

अहवालातल्या ‘फायदे’ या मथळ्याखाली मी लिहिलं होतं: ‘सध्याची फिरून कानाने ऐकण्याची पद्धत बंद करता येईल.’

देवाशपथ सांगते, लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे काका नव्हते. अहवालात फायदे लिहावे लागतात, फायदा म्हटला की काहीतरी बंद करता आलं पाहिजे, म्हणून मी एक ‘पद्धत’ बंद केली. आणि त्याच अहवालात, रचनेच्या भागात, मी असंही लिहिलं होतं, की पाचही पायऱ्या ‘उपकरणांच्या साहाय्याने’ जुळवल्या जात आहेत. चौथी शिकलेल्या माणसाच्या कानाने जुळवल्या असं डिप्लोमाबाई लिहिणार? सहीची जागा मोठी ठेवली होती ना.

“तू म्हनालीस शिकून ठेवते,” काका म्हणाले. “बंद करते असं म्हनाली असतीस, तर मी आलोच नसतो.”

मला रडू आलं, पण रागाचं. “तोंडावर भांडायचं होतंत! शिव्या द्यायच्या होत्यात! माझ्यासमोर बसून, डोळे मिटून, ‘हांच’ म्हणालात. मी तुम्हाला सोनं म्हटलं!”

“म्हटलंस,” काका म्हणाले. “कागदावर नाय म्हटलंस.”

मी उठले. काकी म्हणाल्या, “पानी तरी घ्या.” मी घेतलं नाही. अंगणाबाहेर पडताना काकांनी मागून विचारलं, “साहेबाला ती टेप ऐकवनार?”

“ऐकवणार,” मी म्हटलं.

सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर मी उभी राहिले तेव्हा टेप पिशवीत होतीच. साहेबांनी माझा अहवाल उघडला होता.

“बोला मॅडम. काय चुकलं?”

“पाचव्या पायरीचा पॉट चुकीच्या जागी थांबवला गेला.”

“कुणाकडून?”

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला वाटेल, की आता आजी मोठं मन दाखवणार. मोठं मन कसलं! साहेबांचं बोट नेमकं ‘उपकरणांच्या साहाय्याने’ या ओळीवर होतं. टेप ऐकवली असती तर पहिला प्रश्न आला असता, की हा म्हातारा तुमच्या उपकरणांत काय करतोय? काकांचा खोटेपणा उघडा करायचा तर आधी माझा करावा लागत होता. मी दोन्ही तोलून पाहिले. माझा जड निघाला.

“माझ्याकडून,” मी म्हटलं.

साहेबांनी अहवाल मिटला. “मग मी वर काय लिहू?” आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाले, “तुमच्या कंत्राटाचे तीन महिने आहेत. तोवर असं करा, रोज सकाळी त्या फिटरकाकांबरोबर फेरीला जात जा. म्हातारा आहे, पण त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. यंत्रावर सगळं सोडू नये मॅडम.”

मला हसू आलं. खरंच आलं, साहेबांनी चमकून वर पाहिलं. ज्याने मला बुडवलं त्याच्याकडेच मला शिकायला पाठवत होते, आणि कारण काय, तर मी त्याच्याकडून शिकले नाही म्हणून.

मंगळवारी सकाळी फेरी सुरू झाली. काका पुढे, मी दोन पावलं मागे, हातात विभागाची फेरीची जुनी वही. मी टेप ऐकवली नाही हे त्यांना कळलं असणार. कारखान्यात असं कळायला अर्धा दिवस पुरतो. पण ते त्याबद्दल अक्षर बोलले नाहीत, मीही बोलले नाही. आदल्या रात्री जेवणं आटोपल्यावर मी पाचव्या पॉटवरचं नेलपॉलिश खरवडून, टेपवरच्या ठोक्याशी जुळवून, माझ्या कानाने तो पुन्हा लावला होता. लागायला दहा मिनिटं पुरली. तो बोर्ड आता कुणालाच नको होता.

पहिला पंप, दुसरा पंप, एक नंबरचा ब्लोअर. काका टेकवत, ऐकत, सांगत. “बरा.” “बरा.” “ग्रीस.” मी लिहीत होते. महिन्यापूर्वी हाच माणूस ‘बरा’ म्हणाला असता, की मी डोळे मिटून लिहिलं असतं. आता प्रत्येक ‘बरा’ला माझी पेन्सिल अडत होती. खरं की अलीकडची जागा? विश्वास गेला की किती किरकोळ गोष्टींत जातो बघा. त्या माणसाने ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी मी आभाळाकडे बघायचे.

पाण्याच्या पंपाशी आलो. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, जरा जास्तच वेळ मिटले. मग म्हणाले, “बरा हाय.” आणि पुढे चालायला लागले.

“काका, तो इकडे द्या जरा.”

ते थांबले. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. तो आजवर त्यांनी कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता. मी टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली. आधी नुसतं पाणी ऐकू आलं, मग मोटरच्या पंख्याचं घुमणं, मग माझ्याच नाडीचे ठोके. मी श्वास धरला. खूप खाली, घुमण्याच्या पोटात, काहीतरी सैल हलत होतं. ढप्. मग बराच वेळ काही नाही. ढप्.

“हा बरा नाही,” मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही, आणि आजही आठवून वाचता येत नाही. ते मला पारखत होते की पुन्हा फसवत होते, हे मी त्यांना उरलेल्या तीन महिन्यांत विचारलं नाही. विचारून काय? त्यांनी जे सांगितलं असतं, ते बरोबर जागेचं कशावरून?

“मग लिव तसं,” काका म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर परत घेण्यासाठी हात पुढे केला.

मी तो लगेच दिला नाही. आधी वहीत लिहिलं. पाण्याचा पंप, बेअरिंग बसणीत सैल, ऐकलं. मग ‘कोणी ऐकलं’ या रकान्यात, जिथे वर्षानुवर्षं काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथे वरच्या सगळ्या ओळींपुढे काकांचं नाव लिहिलं, आणि पंपापुढे माझं.